एनएसव्हीवाले कोण?

नोव्हेंबर २०१४. आरोग्यसेवक दुकानात आला तेव्हा मी साडेसात एचपीच्या मोटरीतलं जळकं वाइंडिंग उपसत बसलो होतो. त्या दिवसांत तो दरवर्षी येतो. २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा सरकारी पुरुष नसबंदी पंधरवडा. वर्षभर तो बिचारा तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या, डबक्यातल्या अळ्या आणि पाण्यात टाकायची टीसीएल पावडर यांत अडकलेला असतो. या पंधरा दिवसांत मात्र हातात पोस्टरची गुंडाळी. चहा पितो आणि जाता जाता म्हणतो, "बघा की शेठ, एनएसव्हीची एखादी केस." एनएसव्ही म्हणजे बिनटाक्याची पुरुष नसबंदी. दुकानात बसलेले शेतकरी हसतात, तोही हसतो, आणि ते तेवढ्यावर मिटतं.

त्या दिवशी मी विचारलं, "फॉर्म आहे का?"

त्याला चेष्टा वाटली. मग माझ्या तोंडाकडे बघून तो गुपचूप गाडीच्या डिक्कीतून पिशवी घेऊन आला. स्टार्टर दुरुस्तीला घेऊन आलेला एक जण तंबाखू थुंकायला म्हणून उठला, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या पेठेला कळलं होतं.

मी काही समाजसुधारक नाही. झालं असं, की आदल्या वर्षी दुसऱ्या बाळंतपणात बायकोचं सिझर झालं. त्याच वेळी नळ्या बांधून टाकू असं डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, पण ऐन वेळी तिचं बीपी इतकं खाली गेलं की त्यांनी पोट शिवून तिला बाहेर काढलं. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. नंतर तांबी बसवली, तर दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावरून जायला लागलं, ती काढली. मग आशाताई म्हणाल्या, डिसेंबरात कॅम्प आहे, दुर्बिणीचं करून घ्या, टाका नाही की काही नाही. ठरलंही होतं. आणि त्याच सुमारास बिलासपूरची बातमी आली. छत्तीसगडमधल्या त्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यांतल्या १३ जणी गेल्या. टीव्हीवर त्यांची लहान लेकरं दाखवत होते. बायकोने भाकरी थापता थापता ते पाहिलं आणि म्हणाली, "मी नाही जाणार हं."

"नको जाऊस," मी म्हणालो.

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला आठवडाभर सुचलं नाही. म्हणजे सुचलं होतं, पण तोंडातून निघत नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा आई आधी बोलली. "आरं, तुला काय गरज? बायकांचं असतंय ते." तिचं स्वतःचं ऑपरेशन १९७९ मध्ये झालेलं. मी दीड वर्षाचा होतो, मला आजोळी ठेवलं होतं. टाक्याचं ऑपरेशन, तालुक्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर सात दिवस. बेंबीखाली वीतभर व्रण आहे, थंडीत अजून ओढतो म्हणते. हे सगळं ती अशा सुरात सांगते, जसं लग्नात हळद लागते तसंच हेही.

दादा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर अंगणात खाटेवर बसून त्यांनी मला हाक मारली.

दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. आणीबाणीत शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना केसेसचा कोटा होता हे मी ऐकून होतो, पण स्वतःच्या बापाने किती दिल्या हे कधी विचारलं नव्हतं. दोन. १९७६ ची दिवाळी झाली आणि कागद आला: दोन केसेस, नाहीतर पगार अडकेल. बाजाराच्या दिवशी जीप दिसली की बाप्ये तुरीच्या रानात शिरायचे आणि अंधार पडल्यावर बाहेर यायचे. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकही मंजूर केलं होतं. पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं, पण गुरुजी मंडळी लोकांना त्याचीच भीती घालायची. "कायदा आला की धरून नेतील, त्यापेक्षा आत्ता चल, पैसे तरी मिळतील." दादा हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

पहिली केस म्हणजे वस्तीवरचा एक म्हातारा. पाच लेकरांचा बाप, साठीला आलेला, बायकोची पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. कागदावर त्याचं वय पंचेचाळीस लागलं. दादांनी त्याला सायकलच्या कॅरेजवर बसवून नेलं. दुसरी केस एक जवान गडी, विहिरी खणायच्या कामावरचा, दोन मुलांचा. आता गंमत बघा. त्या वर्षीच्या धोरणात मोबदल्याचा दर मुलांच्या संख्येवर होता: दोन किंवा कमी मुलं असतील तर १५० रुपये, तीन असतील तर १००, चार किंवा जास्त असतील तर ७०. म्हणजे ज्याला आता मूल होणंच नव्हतं त्या म्हाताऱ्याला सत्तर मिळाले आणि गड्याला दीडशे. म्हाताऱ्याने कापाकापीबद्दल जन्मात तक्रार केली नाही. पण दादा दिसले की, "गुरुजी, दोघांचं कापलं सारखंच, मग माझं ऐंशी कमी का?" दादांनी एकदा पदरचे वीस दिले. तरी हिशेब मिटला नाही. मरेपर्यंत तो साठ रुपये मागत होता.

गड्याचं निराळं झालं. दोन-तीन वर्षांनी त्याची कंबर धरली. विहिरीतला माणूस, कंबर धरायला नसबंदीच कशाला पाहिजे? पण गावाने निदान करून टाकलं. बैल खच्ची करतात तसं याला केलंय, ह्याच्यात आता काही राहिलं नाही, असं पारावर त्याच्या तोंडावर बोलायचे. नसबंदीत वृषणाला हात लागत नाही, पुरुषपण तिथल्या तिथे राहतं, हे गावाला सांगणार कोण? दादांना तरी कुठे माहीत होतं! त्यांना कोटा माहीत होता. गडी पुढे दादा समोरून आले की रस्ता बदलायचा.

मी विचारलं, "दादा, मग माझ्यानंतर तुम्ही स्वतः का नाही केलं?"

बराच वेळ गेला. "आणीबाणी गेली, सरकार गेलं. कुटुंबनियोजनाचं नाव बदलून कुटुंबकल्याण झालं. कोणी बाप्याला हात लावायला धजेना. नर्सबाई घरी यायची ती तुझ्या आईकडे. आणि मी लोकांना नेलं होतं ना. लोक नंतर काय म्हणतात ते मला ठाऊक होतं."

आई दारातच उभी होती. तिने ऐकलं असणार. काही बोलली नाही, आत जाऊन भांडी घासायला लागली. पण त्यानंतर माझ्या ऑपरेशनला तिने विरोध केला नाही.

मी नंतर आकडे बघितले. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या आणि त्यांतले ६२ लाखांच्या आसपास पुरुष होते. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल उघडा: ऑपरेशन झालेल्या बायका ३७.९ टक्के, आणि नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी ०.३ टक्के. मधल्या काळात बाप्ये तुरीतून बाहेरच आले नाहीत असं म्हणायला हरकत नाही.

असो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. आम्ही चौघं पुरुष. पलीकडे बायकांच्या रांगेत सव्वीस-सत्तावीस जणी, प्रत्येकीबरोबर आई किंवा सासू, कडेवर पोर. आमच्याबरोबर कोणीच नव्हतं. आरोग्यसेवक मात्र मुलीच्या बापासारखा आमच्याभोवती फिरत होता. मी त्याला म्हणालो, "सरकारने तर टार्गेट १९९६ लाच बंद केलं ना?" तो म्हणाला, "हो, टार्गेट बंद झालं. आता ईएलए आहे. अपेक्षित कामगिरी." आणि आपल्याच बोलण्यावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

आधी संमतीपत्र. मी लग्न झालेला आहे, निदान एक मूल एक वर्षाच्या वरचं आहे, ऑपरेशन कायमचं आहे हे मला समजलं आहे, क्वचित ते फेल जाऊ शकतं हेही समजलं आहे, माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. या शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो, म्हाताऱ्याचा अंगठा आठवून. सही केली. माझ्या कागदावर बायकोची सही कोणी मागितली नाही, आणि नियमाने लागतही नाही. नियमाने ती बायकांच्या कागदावर नवऱ्याचीही लागत नाही. पण पलीकडच्या टेबलावरून दर मिनिटाला ऐकू येत होतं, "मालक आलेत का? नाहीत? फोन लावा."

मग बोटाला टोचून हिमोग्लोबिन, लघवीत साखर, बीपी. दाढीचं ब्लेड हातात देऊन आम्हाला एकेकाला न्हाणीघरात पाठवलं. थंडगार पाणी, कडी नसलेलं दार, एका हाताने दार धरायचं आणि दुसऱ्या हाताने ते नाजूक काम. ऑपरेशनपेक्षा ही पाच मिनिटं जास्त धोक्याची होती, हे मी शपथेवर सांगतो.

बाकावर बसल्या बसल्या ओळखी झाल्या. एक शाळेतला शिपाई. नोकरीला लागतानाच त्याने लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन दिलेलं होतं, तिसरं झालं तर नोकरीवर गदा येईल एवढं त्याला पक्कं माहीत होतं. एक ऊसतोडीहून परत आलेला, अबोल. आणि एक पांढऱ्या कपड्यांतला, पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. त्याला दोन मुली. १२ सप्टेंबर २००१ ही तारीख त्याने बोलण्यात चार वेळा घेतली. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलामुळे संख्या दोनाच्या वर गेली की माणूस अपात्र. सदस्य असेल तर पद जातं. मुलींच्या वाढदिवसाच्या तारखा त्याला इतक्या चोख सांगता आल्या असत्या की नाही, शंका आहे. "घरचे म्हणतात अजून एक चान्स घे. आणि मला सरपंच व्हायचंय," तो म्हणाला. "आता तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? त्याचा नंबर तिसरा होता. दुसरा आत गेला तसा तो म्हणाला, "जरा मोबाइलला रेंज बघून येतो," आणि चप्पल घालून गेला तो गेलाच. आरोग्यसेवक फाटकापर्यंत पळत गेला. परत आला तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं. म्हणून तिसरा नंबर माझा लागला.

आत हीटर लावला होता. थंडीची मला काळजी म्हणून लावलाय असं वाटलं, तर सर्जन म्हणाले, "गारठ्यात सगळं आखडून वर जातं हो, मग आम्हाला नस सापडत नाही." सर्जन जिल्ह्याहून आलेले, हात गरम, बोलणं अखंड. रोहित शर्माने ईडन गार्डन्सवर २६४ केले त्याला दोनच आठवडे झाले होते. "बघितली का मॅच?" असं विचारत त्यांनी सुई टोचली. मुंगी चावल्यासारखं, मग जरा जळजळ, मग काही नाही. मी त्यांना म्हणालो, डॉक्टर, काय करताय ते सांगत करा. कारागीर माणूस आहे, डोळे मिटून पडणं जमत नाही.

त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी सांगितलं: पूर्वी चाकूने दोन्ही बाजूंना काप घ्यायचे आणि टाके घालायचे, तुमच्या वडिलांच्या वेळी तसंच. आता बरोबर मध्ये एकच बारीक छिद्र. चीनमध्ये ली शुनच्यांग नावाच्या डॉक्टरने १९७४ मध्ये ही रीत काढली. गोल तोंडाच्या चिमट्याने कातडीवरूनच नस पकडायची, टोकदार चिमट्याने छिद्र पाडून ती बाहेर ओढायची. ओढली तेव्हा मात्र पोटात, बेंबीच्या खाली, कोणीतरी आतून दोरी ताणल्यासारखं झालं. दुखत नाही, पण नको वाटतं. "ही बघायची?" म्हणाले. मी मान उचलून बघितली. शिजवलेल्या शेवयेसारखी पांढुरकी, तारेइतकी कडक. मधला तुकडा कापला, दोन्ही टोकं बांधली, आणि एका टोकावर आतलंच पातळ आवरण ओढून घेतलं, म्हणजे टोकं परत एकमेकांना गाठणार नाहीत.

"आम्ही पण जोडाच्या तारेवर स्लीव्ह चढवतो," मी म्हणालो.

"मग तुम्हाला काय सांगायचं!" त्यांनी दुसरी बाजू घेतली.

बारा-तेरा मिनिटं. टाका नाही. पट्टी लावली, घट्ट चड्डी घालायला लावली, चालत बाहेर. चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं. दोन दिवस जड काम नाही, आठवडाभर सायकल नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं आरोग्यसेवकाने तीनदा बजावलं: "लगेच मोकळीक नाही हं शेठ. नळी बंद केली तरी पुढच्या पायपात पाणी आहे. तीन महिने निरोध वापरा, मग तपासणी." मोटरवाल्याला समजेल अशी ही भाषा त्याने माझ्यासाठी काढली की सगळ्यांना तेच सांगतो, कोण जाणे.

निघताना व्हरांड्यातून गेलो. बायका जमिनीवर गाद्यांवर ओळीने झोपलेल्या, अर्धवट गुंगीत. एक जण उलटी करत होती, तिची सासू एका हाताने तिचं डोकं धरून दुसऱ्या हाताने पोराला दूध पाजत होती. माझ्या डाव्या हातात बिस्किटाचा अर्धा पुडा होता. तो खिशात घातला. आई सात दिवस अशाच कुठल्यातरी व्हरांड्यात होती, आणि मी स्टँडपर्यंत चालत जाऊन वडाप धरणार होतो. पुढे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करा असं सांगितलं, तेव्हा मला ती सासूच आठवली.

घरी चार दिवस आराम केला. दुखलं, पण दाढदुखीच्या पासंगालाही पुरणार नाही असं. दहाव्या दिवशी दुकानात एक मोटर टेम्पोतून उतरवायची होती. पोऱ्या पुढे आला, तर बसलेले सगळे एकदम गप्प. मी पोऱ्याला बाजूला केलं आणि मोटर स्वतः उचलून ठेवली. गरज नव्हती, मूर्खपणाच होता. रात्री बायकोने बर्फाने शेकत शेकत यथेच्छ शिव्या घातल्या.

फेब्रुवारी संपता संपता तपासणी. घरून डबीत नमुना न्यायचा, तासाच्या आत पोचवायचा, आणि गार होऊ द्यायचा नाही म्हणून शर्टाच्या आतल्या खिशात. मोटरसायकलवर आयुष्यात इतक्या सांभाळून मी अंडीसुद्धा नेली नाहीत. प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर गर्दी: पोटुशा बायका, थुंकीच्या डब्या घेतलेले क्षयाचे पेशंट, शाळेची पोरं. खिडकीतून तंत्रज्ञ बाई ओरडली, "एनएसव्हीवाले कोण?"

सगळ्या माना वळल्या. मी हात वर केला. म्हणजे शाळेत करतो तसा, कोपरातून ताठ.

रिपोर्ट निल. प्रमाणपत्र मिळालं. मोबदल्याचे १,४५१ रुपये बँकेत यायला त्यानंतरही चकरा माराव्या लागल्या. आले त्या दिवशी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारा असता तर आत्ता व्याजासकट मागितले असते."

पांढऱ्या कपड्यांतला मला दोन वर्षांनी बाजारात भेटला. सदस्य झाला होता. खांद्यावर एक गुटगुटीत पोरगा. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "भावाचा आहे." पोरगा त्याचा कान ओढून "पप्पा, पप्पा" करत होता. त्याच्या बायकोचा विचार मनात आला. बाळंतपण तिचं आणि कागदावर आई दुसरीच. त्याने मला चहा पाजला.

आरोग्यसेवकाची बदली झाली, पण नोव्हेंबर आला की फोन असतो. "शेठ, तुमच्यासारखा माणूस बोलला तर लोक ऐकतील. आणि केस आणणाऱ्याला २०० रुपये आहेत." पैशाचं ऐकलं की मला दादांची सायकल दिसते, म्हणून मी कोणाच्या मागे लागत नाही. विचारलं तर सगळं सांगतो, न्हाणीघरातल्या दारासकट.

गेल्या दिवाळीत चुलतभावाने विचारलं. तासभर बसला. दुखतं का, वजन उचलता येतं का, आणि मग आवाज खाली आणून जे सगळेच विचारतात ते. मी सगळ्याची उत्तरं दिली. त्याचं समाधान झालं, मान हलवत हलवत गेला. जानेवारीत त्याचा फोन आला: बायकोचं ऑपरेशन करून घेतलं. दुर्बिणीचं. टाका नाही की काही नाही, असं त्याने मला समजावून सांगितलं.